चाकामागची चकती



दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस घरात येऊ लागला की वणी, पांढरकवड्याच्या वाटेवर पिकअप गाड्या धावू लागतात. माल उंच भरला की गाडी डुलते. मग कोणीतरी सुचवतो, "चाकाला स्पेसर टाका, गाडी रुंद होईल, उलटणार नाही."

यात अर्धेच खरे आहे. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती. तिने चाक बाहेर सरकते, पण त्यामुळे बेअरिंग आणि बोल्टांवर जादा ताण येतो. चकती नुसतीच घातली तर नटाला धरायला आटेही कमी उरतात. खड्ड्यांत नट ढिले झाले की चाकच निखळते. भार पेलण्याची ताकद मात्र किलोभरही वाढत नाही.

तेव्हा चकती काढून टाका. माल कमी उंच भरा, दोर आवळून बांधा, वळणावर वेग आवरा. चाक बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि ५०-१०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा.

आणि वेचणीच्या बायांना कापसावर बसवून आणू नका. सांडलेला कापूस पुन्हा भरता येतो, गेलेले माणूस परत येत नाही.