एकराच्या पोटातला आकडा : ४३,५६०



मागे एका घरी तिघा भावांची एक एकर जिराईत वाटायची होती. थोरला म्हणे, "चाळीस गुंठे. तिघांना तेरा-तेरा, उरलेला एक माझा, कारण कर्ज मी फेडलं." त्या एका गुंठ्यापायी घरात अबोला धरलेला. मी मुलाची पाटी मागवली आणि तीवर लिहिले : ४३,५६०.

एकराचे हे चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याची चाळीसपट केली की एकर. आता ४० ला तिनाने भाग जात नाही. पण ३३ च्या पोटात ३ आणि ११ आहेत, आणि ३३ तर दोनदा गुणलेला. म्हणून गुंठ्यांत अडलेले वाटप फुटांत सुटते. ४३,५६० भागिले ३, बरोबर १४,५२०. बाकी काही नाही. म्हणजे दर भावाला तेरा गुंठे आणि वर ३६३ चौरस फूट. त्यांचे शेत ३३० फूट लांब, १३२ फूट रुंद होते. लांबीवर दर ११० फुटांवर खुंटी ठोकली, तीन सारखे पट्टे पडले. (तुकडा कायद्याने किती लहान चालतो, ते नोंदीआधी महसूल कार्यालयात विचारावे. कर्जाचा हिशेब त्यांनी वेगळा केला.)

हा आकडा मुळापर्यंत फोडला तर २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा आणि ११ दोनदा निघतात. त्यामुळे एक धरून ७२ संख्यांनी त्याला पुरता भाग जातो. रोपे सांगताना याचा उपयोग करा. आंबा ३३ फुटांवर लावला तर गुंठ्याला एक, एकराला ४० झाडे. ११ फुटांवर ३६०, सहा फुटांवर १,२१०, तीन फुटांवर ४,८४०. बांध आणि पाटाची जागा यातून वजा धरा. रोपवाला ती धरत नाही!

सात मात्र यात नाही. थोरल्याच्या मुलीने लगेच भागाकार केला : सात वाटेकरी असते तर ६,२२२ आणि बाकी ६. म्हातारी चुलीपासून म्हणाली, "तेवढ्यात माझी तुळस बसंल."

आणखी एक. एकर चौरस आखायला जाल तर बाजू पूर्ण फुटांत कधी येत नाही. २०८ ची बाजू धरली तर ४३,२६४ भरतात, २०९ ची धरली तर ४३,६८१. कारण २ तीनदा आहे आणि ५ एकदाच. त्यांना जोडी मिळत नाही. तेव्हा ३३० बाय १३२ किंवा ६६० बाय ६६ अशी दोरी धरावी.

सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे गुंठा नव्हे. आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा, गुंठा १,०८९ चा. कोणी '४० आर म्हणजे एकर' म्हणून पैसे मागितले तर सुमारे ५०४ चौरस फूट, जवळजवळ अर्धा गुंठा, कमी पडतो. एकर ४०.४७ आरांचा. व्यवहाराआधी कागद पाहून हे एकदा मांडून घ्या. पोरांना सांगितले तरी ती मांडतील.