रायटर रुसला तर आधी मूळ प्रत जपा

गेल्या महिन्यात रायगड जिल्ह्यातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले. धाकट्या भावाचा निकाह मे महिन्यात झाला आणि भाऊ पंधरा दिवसांतच कुवेतला परतला. मामूंनी आपल्या कॅमेऱ्याने निकाह, वलीमा आणि घरातली गडबड टिपली होती. ते सगळे या भगिनीने घरच्या काँप्युटरवर उतरवून घेतले. डीव्हीडी करून एक भावाला, एक नवरीच्या माहेरी, एक मामूंना आणि एक स्वतःजवळ, असा बेत होता.

पुढे त्या लिहितात, "दहा कोऱ्या डीव्हीडी आणल्या, त्यातल्या सात वाया गेल्या. कधी तीस टक्क्यांवर अडकते, कधी ऐंशीवर. नातांची सीडी मात्र बिनतक्रार होते. राईट करताना माउससुद्धा अडखळत चालतो. मुलांचे अब्बा म्हणतात, काँप्युटर जुना झाला, सगळे पुसून विंडोज नव्याने टाकू. मामूंनी कॅमेऱ्याचे कार्ड केव्हाच रिकामे केले आहे. त्या फिल्ममध्ये आमच्या दादी आहेत. पावसाळ्यात त्यांचा इंतकाल झाला. काय करावे?"

पत्रात फोन नंबर होता. मी आधी फोन केला आणि एवढेच सांगितले, "काहीही पुसू नका. आज पहिल्यांदा ती फिल्म पेन ड्राइव्हवर घ्या, रायटरचे उद्या बघू." फिल्म साडेतीन जीबीची होती. शेजारच्या मुलाचा चार जीबीचा पेन ड्राइव्ह मिळाला. तेथून ती त्याच्याही काँप्युटरवर गेली. एकाच जागी असलेली वस्तू दोन तासांत तीन ठिकाणी झाली. मग मला बरे वाटले.

इतकी घाई का केली, तेही सांगतो. माझे अब्बा हजहून परतले तेव्हा अंगणात बसून सफरीच्या आठवणी सांगत होते. मी त्यांची वीस मिनिटांची फिल्म घेतली, सीडीवर राईट केली, पडद्यावर काम यशस्वी झाल्याचे वाक्य आले आणि जागा हवी म्हणून मी मूळ फिल्म पुसून टाकली. सीडी एकदाही लावून पाहिली नाही. अब्बा गेल्यावर ती लावली, तर सहाव्या मिनिटाला चित्र थांबले. पुढचे अजूनपर्यंत मिळालेले नाही. रायटरचा दोष मी कधी दिला नाही. न तपासता पुसले, तो दोष माझा.

म्हणून या महिन्याचा विषय हाच. रायटर बिघडला तर काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने? क्रम महत्त्वाचा, कारण बहुतेक घरी लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधी विंडोज पुसतात, मग नवा रायटर आणतात, आणि दोष निघतो साध्या केबलचा.

रायटर नेमके काय करतो

कोऱ्या सीडीत किंवा डीव्हीडीत रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. लेसरचा किरण तापवून त्या थरावर बारीक खुणा करतो. वाचताना तोच किरण मंद ठेवलेला असतो, लिहिताना मात्र त्याला कितीतरी पट जास्त ताकद लागते. म्हणून थकलेला रायटर बाजारातली तयार सीडी छान वाचतो, पण लिहू शकत नाही. "वाचतो आहे म्हणजे चांगला आहे" हा समज येथे लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट, सीडी आणि डीव्हीडी यांचे किरण वेगळे असतात. सीडीचा 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 नॅनोमीटरचा. त्यामुळे एकच रायटर सीडी नीट करतो आणि डीव्हीडी बिघडवतो, असे खरोखर घडते. पण तेवढ्यावरून लेसर गेला असा निकाल देऊ नका. सीडीत 700 एमबी माहिती मावते, डीव्हीडीत 4.7 जीबी, आणि डीव्हीडी लिहिताना काँप्युटरला माहिती फार वेगाने पुरवावी लागते. पुरवठ्यातला दोष सीडीच्या वेळी झाकला जातो आणि डीव्हीडीच्या वेळी उघडा पडतो.

पहिली तपासणी: कोरी डीव्हीडी आणि वेग

खर्च नसलेली पायरी आधी. राईट करण्याच्या प्रोग्रॅममध्ये वेग निवडण्याची जागा असते. तेथे बहुधा 16 एक्स असते. ते 4 किंवा 8 करा. डीव्हीडीचा 1 एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1.35 एमबी. 16 एक्सला सेकंदाला बावीस एमबीच्या आसपास माहिती अखंड लागते, 4 एक्सला साडेपाच. पूर्ण भरलेल्या डीव्हीडीला 4 एक्सने सुमारे पंधरा मिनिटे लागतात. चहा होईपर्यंत काम होते. वाया गेलेल्या डीव्हीडीपेक्षा पंधरा मिनिटे स्वस्त.

मग कोरी डीव्हीडी बदलून पाहा. सुटी, बिनानावाची, दुकानात उघड्या दांडीवर धूळ खात पडलेली घेऊ नका. दुसऱ्या कंपनीच्या दोनच आणा. डीव्हीडी मायनस आर आणि प्लस आर अशा दोन जाती असतात. एक जमत नसेल तर दुसरी लावून बघा. काही रायटरना एका जातीशी अधिक सलोखा असतो.

दुसरी तपासणी: काँप्युटरला मोकळा श्वास

राईट करताना दुसरे काही चालू ठेवू नका. मुलांचा गेम बंद, इंटरनेट बंद, स्क्रीन सेव्हर बंद. ज्या ड्राइव्हवर विंडोज आहे तेथे किमान डीव्हीडीइतकी, म्हणजे पाच जीबी तरी जागा मोकळी हवी, कारण काही प्रोग्रॅम आधी सगळ्या माहितीची एक फाइल बनवतात आणि मग लिहितात.

भारनियमनाची वेळ बघून बसा. अर्ध्यावर वीज गेली की ती डीव्हीडी संपली. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी आज दहा मिनिटे तग धरते का, हे आधी प्लग काढून पाहा. मात्र काँप्युटरवर काही महत्त्वाचे उघडे असताना हा प्रयोग करू नका.

तिसरी तपासणी: माउस का अडखळतो

पत्रातले मला सर्वांत उपयोगी पडलेले वाक्य माउसचे होते. लिहिताना संपूर्ण काँप्युटर जड होत असेल तर हे जरूर बघा.

विंडोज एक्सपीत हार्ड डिस्क आणि रायटर यांच्याशी माहितीची देवघेव दोन पद्धतींनी होते. डीएमए पद्धतीत माहिती थेट मेमरीत जाते, प्रोसेसरला फारसा त्रास नसतो. पीआयओ या जुन्या पद्धतीत एकेक घास प्रोसेसर स्वतः उचलून देतो. देवघेवीत सहा वेळा चूक झाली की एक्सपी सावधगिरी म्हणून वेग एकेक पायरी उतरवत नेते आणि शेवटी पीआयओवर आणून ठेवते. तसे काही सांगत नाही. दोष दूर झाला तरी आपण होऊन परत वर चढत नाही.

बघण्याची रीत अशी. माय काँप्युटरवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, मग हार्डवेअर, मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्सच्या खाली प्रायमरी आणि सेकंडरी आयडीई चॅनल दिसतील. रायटर बहुधा सेकंडरीवर असतो. त्यावर दोनदा क्लिक करून अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज पाहा. करंट ट्रान्स्फर मोडसमोर अल्ट्रा डीएमए असेल तर ठीक. पीआयओ असेल तर चोर सापडला. त्या चॅनलवर उजवे बटण दाबून अनइन्स्टॉल करा आणि काँप्युटर पुन्हा सुरू करा. एक्सपी चॅनल नव्याने ओळखते आणि वेग परत येतो. यात तुमच्या फाइलींना काही होत नाही.

पण काम येथे संपत नाही. चुका झाल्याच का, हे शोधले नाही तर आठवड्यात पुन्हा तेच.

चौथी तपासणी: केबल

काँप्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या आणि मग झाकण उघडा. रायटरच्या मागे एक रुंद चपटी पट्टी आणि चार तारांचा वीजपुरवठ्याचा जोड असतो. दोन्ही काढून नीट बसवा. पट्टीची रंगीत कड वीजजोडाच्या बाजूला यायला हवी. पट्टीचे दुसरे टोक मदरबोर्डवर असते, तेही दाबून पाहा. पट्टी दुमडलेली, सोललेली वाटली तर नवी घ्या आणि 80 तारांची मागा. रायटर आणि हार्ड डिस्क एकाच पट्टीवर असतील तर दुकानदाराला सांगून वेगळ्या करून घ्या.

पाचवी तपासणी: लेन्स

कोकणातली दमट हवा आणि घरातली धूळ लेन्सवर बसते. बारीक ब्रश असलेली साफ करण्याची सीडी मिळते, ती एकदा फिरवा. अत्तर, थिनर, ओले फडके लेन्सला लावू नका. रायटर खोलून किरणात डोकावू तर मुळीच नका, डोळ्याला इजा होते.

हे सगळे झाल्यावरही दोन चांगल्या कंपन्यांच्या डीव्हीडी कमी वेगाने बिघडत असतील, किंवा लिहायला सुरुवात होताच पॉवर कॅलिब्रेशनचा दोष दिसत असेल, तर लेसर थकला आहे असे समजा. शक्य असल्यास तोच रायटर ओळखीच्यांच्या काँप्युटरला लावून खात्री करा. दुरुस्तीवर पैसे घालू नका, नवा घ्या.

झालेले काम कधी झाले म्हणावे

माझ्या अनुभवातून तीन नियम.

राईट करताना व्हेरिफायची खूण करा. मग काँप्युटर लिहिलेले परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघतो. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या.

तयार डीव्हीडी दुसऱ्या यंत्रात, शक्यतो दुसऱ्या घरात लावून बघा. सुरुवात, मध्य आणि अगदी शेवट, तिन्ही जागी. शेवट मुद्दाम बघायचा, कारण लिहिणे आतून सुरू होऊन बाहेरच्या कडेला संपते आणि कडेकडचा भाग आधी बिघडतो.

नाव लिहायचे तर मऊ टोकाच्या मार्करने लिहा, बॉलपेनने नाही. सीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूला अगदी लगत असतो, बॉलपेनचे टोक त्याला इजा करते. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मध्ये असतो, तरी सवय एकच ठेवा. लेबल चिकटवू नका. चेहरा न्याहाळावा तशी खालची बाजू बघा आणि कडेने धरा.

आणि तरीही एकाच डीव्हीडीवर भरवसा नको. दोन प्रती करा, दोन वेगवेगळ्या घरी ठेवा. वर्षातून एकदा, ईदच्या साफसफाईत कपाट आवराल तेव्हा, लावून बघा. अडखळू लागली तर चांगल्या प्रतीवरून नवी करून घ्या.

त्या भगिनीचे पुढे काय झाले? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पीआयओ निघाला. मग त्यांच्या मुलाने झाकण उघडले. निकाहच्या आधी घराला रंग दिला होता, तेव्हा रंगाऱ्यांनी काँप्युटर या खोलीतून त्या खोलीत दोनदा हलवला होता. पट्टीचे एक टोक अर्धे निसटलेले होते. ते दाबून बसवले, चॅनल काढून काँप्युटर पुन्हा सुरू केला, वेग 4 ठेवला. उरलेल्या तीनही डीव्हीडी नीट झाल्या. काँप्युटर पुसावा लागला नाही, नवा रायटर लागला नाही.

परवा त्यांचा फोन आला. पहिली प्रत कुवेतला जाणाऱ्या माणसाबरोबर गेली. भावाने तेथे लावून पाहिली. दादी नवरीच्या डोक्यावरून हात फिरवून दुआ देतात, तो भाग फिल्मच्या अगदी शेवटी आहे. भावाने फोनवर पहिले वाक्य तेच सांगितले, "आपा, शेवटपर्यंत चालली."