बांधापर्यंत पोहोचणारी विद्या

कोथरूडच्या उंच इमारतींतून आज जी मुले शाळेला जातात, त्यांना आपल्या पायांखाली एके काळी शेते होती असे सांगितले, तर नवल वाटेल. पुणे शहर वाढत गेले आणि हे गाव त्यात सामावून गेले. शेते गेली, भाकरीची गरज मात्र गेली नाही. म्हणून शेतकऱ्याने काय शिकावे आणि त्याला साहाय्य कसे मिळावे, हा प्रश्न शहरवासीयांचाही आहे.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहून पुरा केला. त्यात शेतकऱ्याच्या दुःखाबरोबर उपायही सांगितले आहेत. माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत, श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात पिकांची व औत हाकण्याची परीक्षा घेऊन उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, असे त्यांनी सुचविले. औत हाकण्याची परीक्षा! पाठांतरालाच विद्या समजणाऱ्या त्या काळात ही सूचना केवढी धीट होती!

पुढे १९०७ साली पुण्यात कृषी महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी केली. १७७१ साली तेथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहूनही लहान होते. अशा तुकड्यावर विहीर कोणी खणावी? सुधारलेला नांगर वळवावा तरी कोठे? शेतकरी अडाणी म्हणून दरिद्री, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहावेत. ज्याच्यापाशी साधन नाही, त्याला नुसता उपदेश करणे ही थट्टाच होय.

अमेरिकेतील अलाबामा प्रांतात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी हे नेमके ओळखले होते. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, तर शाळेनेच त्याच्याकडे जावे, या विचाराने १९०६ साली त्यांच्या संस्थेची एक गाडी अवजारे व बियाणे घेऊन खेडोपाडी फिरू लागली. विकतचे खत ज्यांना परवडत नसे, त्यांना ते पालापाचोळ्याचे खत करावयास सांगत. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग व चवळी पेरण्याचा त्यांचा सल्लाही गरिबाला झेपेल असाच होता.

महाराष्ट्रात १९६८ पासून राहुरीला कृषी विद्यापीठ आहे आणि त्याला फुल्यांचेच नाव दिले आहे. तेथील संशोधन मोलाचे आहे; परंतु माती परीक्षणाचा कागद पेरणी उरकल्यावर हाती आला, किंवा पीककर्ज पाऊस पडून गेल्यावर मिळाले, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? पिकाला भाव मिळणे हेही साहाय्यच आहे. २०१६ साली राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक दिली. शहरातील आठवडी बाजारांत शेतकरी आपला माल स्वतः विकतात. कोथरूडच्या मुलांनी अशा बाजारात केवळ पिशवी धरून उभे राहू नये. मेथीची ही जुडी कोणत्या गावाहून आली, ती किती दिवसांत तयार झाली, आणि तिच्यासाठी पाणी कोठून आणले, हे त्यांनी विकणाऱ्या काकांना विचारावे.