पोटात, पोटावर आणि ऑन डिमांड

इंग्रजीशी माझं वैर नाही. बँकेत खर्डेघाशी करून पोट भरणाऱ्याला ते परवडणारही नाही. माझं भांडण आहे ते 'इन', 'ऑन', 'ॲट' असल्या चिमुकल्या शब्दांवरून माणसाची अक्कल मोजणाऱ्यांशी. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांतला फरक ज्याला सांगता आला नाही तो गावंढळ, असा निकाल देणारे न्यायाधीश आमच्या जालन्यात गल्लोगल्ली भेटतात. 'जालना, सोने का पालना' असं म्हणतात खरं. पण त्या पाळण्यातल्या पोराला हल्ली अंगाईऐवजी 'अंडर द टेबल' ऐकवतात. हे एक मात्र पुढे कचेरीत उपयोगी पडतं.

क्लासवाल्यांचा नियम सोपा असतो. आत असेल तर 'इन', वर असेल तर 'ऑन'. ठीक आहे. मग साहेब मोटारीत बसला की 'इन द कार' आणि बसमध्ये बसला की 'ऑन द बस', हे कसं? टपावर बसतो की काय? यावर उत्तर मिळतं, "अपवाद आहे, पाठ करा." असे अपवाद लिहिता लिहिता पोरांची दोनशे पानी वही भरते. नियमाला एक पान पुरतं.

अहो, आपली मराठी तरी कुठे सरळ आहे? पोट एकच. पण चूक पोटात घालायची, लेकराला पोटाशी धरायचं, आणि कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही! हे आपल्याकडून कोणत्या गुरुजींनी पाठ करून घेतलं? आजीच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकलं आणि अख्खंच उचललं. इंग्रजीतले प्रयोगही असेच उचलायचे असतात. 'ऑन ड्यूटी' म्हणताना एसटीचा कंडक्टर चुकत नाही, 'आउट ऑफ स्टॉक' म्हणताना बियाण्यांचा दुकानदार चुकत नाही. रोजचा वापर असला की जीभ आपोआप वळते. तेव्हा हा सवयीचा मामला आहे, बुद्धीचा नाही.

मग या शब्दांना काही किंमतच नाही का? आहे, आणि ती चांगली रोख रुपयांत आहे. 1881 सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टाप्रमाणे 'ॲट साइट' म्हणजेच 'ऑन डिमांड'. मागताक्षणी पैसे मोजा. 'आफ्टर साइट' म्हटलं की कागद दाखवल्यानंतर ठरलेली मुदत मिळाली. 'साइट' तीच, पुढचा शब्द बदलला की उधारीची रोकड होते! जुन्या पेढ्यांवर हाच व्यवहार 'दर्शनी हुंडी' आणि 'मुदती हुंडी' या नावांनी चाले. मुनीमजींना इंग्रजी व्याकरणाचा गंधही नसेल. पण पैसे कधी द्यायचे ते नावातच कळत होतं.

आणि आज? मंठ्याहून, भोकरदनहून शेतकरी येतो आणि 'डिमांड प्रॉमिसरी नोट'वर सही ठोकतो. कर्जाची मागणी त्यानंच केलेली असते, तेव्हा डिमांड आपलीच असं त्यानं धरलं तर त्याचं काय चुकलं? 'ऑन डिमांड' म्हणजे बँक मागेल तेव्हा, हे त्याला सांगायला काउंटरपलीकडे कुणाला वेळ नसतो. जामीनदार तर 'नुसती सही' करायला आलेला. 1872 सालच्या करार कायद्यानं, वेगळं काही ठरलं नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. पण ती कळते नोटीस आल्यावर, आणि तीही इंग्रजीत!

ग्राहकांच्या हाती पडणारे छापील फॉर्म तीन भाषांत असावेत असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगून ठेवलं आहे. त्यामुळे शंभर रुपये भरायची स्लिप मराठीत वाचता येते. लाखाच्या कर्जाचा करार मात्र कितीदा तरी इंग्रजीतच समोर येतो.

म्हणून क्लासवाल्यांना माझं सांगणं आहे, साहेब बसच्या आत बसतो की वर, ते सावकाश शिकवा. जे शब्द खिशाला हात घालतात ते आधी शिकवा. आणि बँकवाल्यांनो, म्हणजे माझ्यासकट सगळ्यांनो, तोवर 'मागताक्षणी' हा साधा मराठी शब्द करारावर ठळक छापा. मग बघा, 'नुसती सही' करायला आलेला जामीनदार पेनाच्या आधी चष्मा शोधतो की नाही!