जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे



‘उशिराचे जन्मदाखले बंदच करा’ हे पत्र वाचले. दाखला मिळाला की घुसखोर नागरिक होतो, हे विधान चुकीचे आहे. नागरिकत्वासाठी १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांचे आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांचा दुसरा पालक बेकायदा स्थलांतरितही नसावा लागतो. बनावट कागद करणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, हे मान्य. पण उशिरा नोंदणीची सोय १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. मानोऱ्याच्या तांड्यांवरच्या मायबहिणी ऊसतोडीच्या फडावर बाळंत होतात. त्या बाळांची नोंद वेळेत कोण करणार? पडताळणी कडक करा. दार लावू नका.

– एक वाचक, मानोरा (जि. वाशीम)