विश्लेषण : खड्ड्यात पडून जायबंदी झाल्यास भरपाई कुणाकडून आणि कशी मिळते?

रस्त्यावरचा खड्डा, झाकण नसलेले मॅनहोल, पुलाचा कोसळलेला भाग किंवा उद्यानातील मोडका पाळणा. अशा सरकारी वा पालिकेच्या मालमत्तेवर अपघात झाला, की ‘नशीब’ म्हणून गप्प बसण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलपुरता तरी भरपाईचा मार्ग बराच सोपा केला आहे. बाकीच्या अपघातांसाठी मात्र अजूनही जुनीच वाट आहे आणि तिच्यावर मुदतींचे अडथळे आहेत. दोन्ही मार्गांचा हा आढावा.

उच्च न्यायालयाचा आदेश काय?

खड्ड्यांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात २०१३ पासून स्वयंप्रेरणेने दाखल झालेली जनहित याचिका सुरू आहे. चांगले रस्ते हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने या प्रकरणात यापूर्वीच म्हटले होते. तरीही दर पावसाळ्यात तेच चित्र दिसत राहिल्याने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने भरपाईची रक्कमच ठरवून दिली. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये.

ही रक्कम इतर कायद्यांनुसार मिळणाऱ्या भरपाईव्यतिरिक्त आहे. म्हणजे समितीकडून पैसे मिळाले म्हणून दिवाणी दाव्याचा हक्क संपत नाही.

समितीकडे अर्ज कसा करायचा?

महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, तर नगरपालिका क्षेत्रात मुख्याधिकारी आणि प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, अशी रचना आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए, एमएसआरडीसी, म्हाडा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्या रस्त्यांसाठी त्या त्या यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी आणि प्राधिकरणाचे सचिव समितीत असतात.

पीडित व्यक्ती किंवा कुटुंबीय समितीकडे अर्ज करू शकतात. वृत्तपत्रातील बातमी वा अन्य विश्वासार्ह माहितीवरून समिती स्वतःहूनही दखल घेऊ शकते. पोलिसांनी अशा घटनेची माहिती ४८ तासांत समितीला कळवायची आहे. माहिती मिळाल्यापासून सात दिवसांत समितीची पहिली बैठक आणि त्यानंतर किमान दर पंधरा दिवसांनी बैठक अपेक्षित आहे. अर्ज केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम न मिळाल्यास नऊ टक्के व्याज आणि संबंधित आयुक्त वा मुख्य अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी, अशी तरतूद आदेशात आहे.

भरपाई आधी यंत्रणा देईल आणि नंतर दोषी अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करेल. खड्डा निदर्शनास आल्यावर ४८ तासांत बुजवला नाही, तर तो गंभीर निष्काळजीपणा मानून विभागीय कारवाई करावी, असेही न्यायालयाने बजावले आहे.

‘सानुग्रह मदत’ आणि ‘भरपाई’ यांत फरक काय?

मोठी दुर्घटना घडली, की मुख्यमंत्री किंवा पालिका मृतांच्या वारसांना ठरावीक रक्कम जाहीर करतात. ही सानुग्रह मदत असते. ती सरकारच्या इच्छेवर अवलंबून असते. तिच्यात कुणाचा दोष होता हे ठरत नाही आणि ती मिळाली नाही म्हणून सहसा न्यायालयात दाद मागता येत नाही. नुकसानभरपाई हा मात्र हक्क आहे. उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचे अपंगत्व आणि वेदना यांचा हिशेब तीत धरला जातो.

त्यामुळे पाच हजारांचा धनादेश देऊन ‘आता कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या कागदावर सही मागितली जात असेल, तर तो कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नये. सानुग्रह मदत स्वीकारली म्हणून भरपाईचा हक्क आपोआप बुडत नाही. तो सोडून दिल्याचे लिहून दिले, तर मात्र अडचण होऊ शकते.

सरकारवर दावा करता येतो का?

येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० नुसार केंद्र आणि राज्य सरकार दावा करू शकतात आणि त्यांच्यावरही दावा करता येतो. खरा वाद आहे तो कोणत्या कृत्यांसाठी, याचा. १८६१ मधील पी अँड ओ कंपनीच्या खटल्यात कोलकात्याच्या किडरपूर गोदीतील सरकारी कामगारांच्या हलगर्जीने घोडागाडीला अपघात झाला होता. खासगी व्यक्तीही करू शकेल अशा कामात चूक झाली, तर सरकार जबाबदार, पण सार्वभौम सत्तेच्या कामात नाही, असा भेद तेव्हापासून रुजला. १९६२ मध्ये विद्यावती प्रकरणात सरकारी जीपच्या अपघातासाठी राजस्थान सरकार जबाबदार ठरले. १९६५ मध्ये कस्तुरीलाल प्रकरणात मात्र पोलिसांनी जप्त केलेले सोने गहाळ होऊनही सरकार सुटले.

रस्ता, उद्यान वा इमारत सांभाळणे हे आज सार्वभौम काम मानले जात नाही. शिवाय १९९३ च्या नीलाबती बेहरा प्रकरणापासून मूलभूत हक्काचा भंग झाल्यास उच्च आणि सर्वोच्च न्यायालय थेट भरपाई देऊ शकते, हे पक्के झाले आहे. सरकारच्या दायित्वाचा स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९५६ मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात केली होती. त्यानंतर विधेयकेही आली, पण कायदा झाला नाही. परिणामी, आजही अशी प्रकरणे न्यायालयांच्या निवाड्यांच्या आधारेच लढवावी लागतात.

निष्काळजीपणा कुणी सिद्ध करायचा?

सामान्यतः दावा करणाऱ्याने. पण काही घटना स्वतःच बोलतात. दिल्लीच्या चांदनी चौकातील घंटाघर १९५१ मध्ये कोसळून काही जणांचा मृत्यू झाला. ती इमारत सुमारे ८० वर्षांची होती आणि तिच्या बांधकामाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचे होते. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतची इमारत वेळोवेळी तपासणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि दोष बाहेरून दिसत नव्हता ही सबब चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले.

याउलट, राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले नाही. यंत्रणेला धोका आधी कळायला हवा होता का, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला. म्हणूनच अपघातापूर्वी कुणी त्या झाडाची, भिंतीची किंवा झाकणाची लेखी तक्रार केली होती का, हे शोधणे फार महत्त्वाचे ठरते. अशी एक तक्रार सापडली, तरी ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हा बचाव कोसळतो.

विजेच्या तारेचा धक्का बसल्यास स्थिती वेगळी आहे. वीज ही मुळातच धोकादायक असल्याने निष्काळजीपणा सिद्ध न होताही वीज कंपनी जबाबदार ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शैलकुमारी प्रकरणात स्पष्ट केले.

मुदती कोणत्या?

बरेच दावे गुणवत्तेवर नव्हे, तर मुदतीवर अडतात. राज्य किंवा केंद्र सरकारवर दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. मुंबई महापालिकेसाठी १८८८ च्या कायद्याचे कलम ५२७ आणि राज्यातील इतर महापालिकांसाठी १९४९ च्या कायद्याचे कलम ४८७ लागू होते. त्यानुसार एक महिन्याची नोटीस आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा, अशी अट आहे. पायाला प्लास्टर, दोन शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांत हे सहा महिने कधी सरतात ते कळतही नाही. त्यामुळे जखमी व्यक्ती रुग्णालयात असतानाच कुटुंबीयांनी नोटिशीची तयारी करणे शहाणपणाचे ठरते. मृत्यू झाल्यास १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालील दाव्यासाठी मुदत कायद्याने सर्वसाधारणपणे दोन वर्षे दिली आहेत, पण प्रतिवादी महापालिका असेल तर सहा महिन्यांचीच मुदत गृहीत धरणे सुरक्षित.

रेल्वेची व्यवस्था वेगळी आहे. धावत्या गाडीतून पडण्यासारख्या घटनेत रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षात अर्ज करावा लागतो. तिथे रेल्वेचा दोष सिद्ध करण्याची गरज नसते आणि मृत्यूसाठी आठ लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र प्रवासी वैध तिकीटधारक असावा लागतो.

कोणते पुरावे जमवायचे?

पहिले काम म्हणजे जागेची छायाचित्रे आणि चित्रफीत. खड्डा दुसऱ्याच दिवशी बुजवला जातो आणि मॅनहोलवर नवे झाकण येते. आसपासचे दुकान किंवा खांब ओळखू येईल अशा बेताने फोटो काढावेत आणि ज्या मोबाइलवर काढले तो जपून ठेवावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जतन करण्याची लेखी मागणी लगेच करावी.

दुसरे, रुग्णालयात दाखल होताना अपघात कुठे आणि कसा झाला हे केसपेपरवर नेमके लिहून घ्यावे. ‘घसरून पडले’ एवढीच नोंद असेल, तर पुढे तीच यंत्रणेच्या वकिलाच्या हाती पडते. पोलिसांकडे तक्रार देऊन घटनास्थळाचा पंचनामा करून घ्यावा. उपचारांची बिले, रजेचे दाखले, पगारपत्रक किंवा धंद्याच्या नोंदी आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र सांभाळून ठेवावे.

तिसरे, माहिती अधिकाराचा अर्ज. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, काम कोणत्या कंत्राटदाराने केले, दोषदायित्व कालावधी संपला आहे का, शेवटची तपासणी कधी झाली आणि आधी किती तक्रारी आल्या, हे विचारावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने अर्ज पहिल्याच आठवड्यात गेलेला बरा. एकाच रस्त्याचा एक भाग पालिकेकडे आणि पुढचा एमएमआरडीएकडे असू शकतो. शंका असेल तर सर्व संबंधित यंत्रणांना नोटीस द्यावी.

गुन्हा आणि दंडाचा भरपाईशी संबंध काय?

निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार गुन्हा दाखल होऊ शकतो. पण फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत दिवाणी दावा थांबवू नये. दोन्ही स्वतंत्र आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८ अ नुसार सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. तो मात्र थेट पीडिताच्या हाती न पडता अपघातग्रस्तांसाठीच्या निधीत जमा होतो. रस्ते अपघातातील जखमींना दीड लाखापर्यंत, सात दिवसांचे विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे.

जखमीचीही चूक असेल तर?

दुचाकीस्वार भरधाव होता किंवा बंद केलेल्या रस्त्यावर शिरला, तर न्यायालय त्याचा वाटा ठरवून भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी करते. पण यंत्रणा पूर्ण सुटत नाही.

वकील परवडत नसेल तर?

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी साधा अर्ज करावा लागतो. भरपाई समितीवर याच प्राधिकरणाचे सचिव असल्याने दोन्ही कामांची सुरुवात तिथून करता येते.

मर्यादा काय?

उच्च न्यायालयाची योजना खड्डे आणि उघड्या मॅनहोलपुरतीच आहे. कोसळलेला पूल, पडलेले झाड किंवा सरकारी रुग्णालयाची तुटलेली लिफ्ट तिच्यात येत नाही. अडीच लाखांची कमाल रक्कम पाय गमावलेल्या रिक्षाचालकाच्या उरलेल्या आयुष्याला पुरणारी नाही. त्याला दिवाणी दाव्याकडेच वळावे लागेल आणि त्या दाव्याला वर्षे लागतील. समितीत ज्या आयुक्ताच्या यंत्रणेविरुद्ध तक्रार आहे तोच निर्णय घ्यायला बसतो, हाही आक्षेप राहतोच.

खड्ड्यांमुळे २०१३ ते २०१७ या काळात देशात १४,९२६ जणांचा मृत्यू झाल्याच्या आकडेवारीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीव्र नाराजी व्यक्त केली होती. आकडे मोजले गेले, पण त्यांची किंमत कुणा अधिकाऱ्याने वा कंत्राटदाराने क्वचितच मोजली. ताज्या आदेशातील सर्वांत महत्त्वाची बाब सहा लाखांचा आकडा नसून, ती रक्कम दोषींकडून वसूल करण्याचे बंधन ही आहे. ती वसुली प्रत्यक्षात होते का, हे ठरेल ते समित्यांकडे किती अर्ज येतात आणि त्यांचा पाठपुरावा किती चिकाटीने होतो यावर.