विश्लेषण : फुटबॉल विश्वचषकासाठी रजा टाकायची, पण कधी आणि किती?

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत ११ जून ते १९ जुलै २०२६ या काळात फुटबॉल विश्वचषक रंगणार आहे. ४८ संघ, १०४ सामने आणि तब्बल ३९ दिवस. हे आकडे पाहून कुणी आठवडाभराची रजा मागेल, तर कुणी काहीच न मागता ऐनवेळी फोन बंद ठेवेल. वेळापत्रक भारतीय घड्याळावर मांडले तर गरज मोजक्याच दिवसांची आहे. प्रश्न आहे तो, हे मोजके दिवस कुणाला मिळणार आणि कुणाला नाही.

यंदा अडचण कशामुळे?

२०२२ मधील कतारची स्पर्धा भारतीयांना सोयीची होती. बहुतेक सामने दुपार ते रात्र या वेळेत झाले आणि अंतिम सामना तर रविवारी रात्री साडेआठला सुरू झाला. यंदा मात्र सामन्यांच्या मुख्य वेळा रात्री साडेबारा, पहाटे साडेतीन आणि सकाळी साडेसहाच्या आसपास आहेत. सलामीचा सामनाही आपल्याकडे १२ जूनला, शुक्रवारी, मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होईल. त्यामुळे रजा लागणार ती सामन्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या दिवशीच्या झोपेसाठी.

वेळापत्रक काय सांगते?

कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. विश्वचषक आला की इथल्या पेठांत, तालमींत अर्जेंटिना आणि ब्राझील असे दोन तट पडतात. अर्जेंटिनाचा पहिला सामना १७ जूनला, बुधवारी सकाळी साडेसहाला आहे. दुसरा सोमवारी, २२ जूनला रात्री साडेदहाला. तिसरा २८ जूनला सकाळी साडेसातला, पण तो रविवार. म्हणजे साखळी फेरीपुरते अर्जेंटिनावाल्यांचे काम अर्ध्या दिवसाच्या रजेत भागते. ब्राझीलवाल्यांचे पहिले दोन सामने रविवारी पहाटे आणि शनिवारी सकाळी आहेत. त्रास आहे तो तिसऱ्याचा. गुरुवारी, २५ जूनला पहाटे साडेतीनला सुरू होणारा हा सामना साडेपाचच्या सुमारास संपेल. आणि पोर्तुगालचे चाहते? त्यांचे पहिले दोन सामने रात्री साडेदहाला आणि तिसरा रविवारी पहाटे. त्यांनी रजा मागितली तर साहेबांनी खुशाल वेळापत्रक दाखवावे.

२८ जूनपासूनच्या बाद फेरीत कोण कुणाशी खेळणार हे आधी कळत नाही, त्यामुळे दोन दिवस हाताशी ठेवलेले बरे. उपांत्य सामने १५ आणि १६ जुलैला, बुधवारी आणि गुरुवारी, मध्यरात्रीनंतर साडेबाराला आहेत. अंतिम सामना रविवारची रात्र उलटल्यावर, म्हणजे २० जुलैच्या सोमवारी साडेबाराला. जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट झाले तर तीन वाजून जातील. बाकी काही ठरवले नाही तरी या सोमवारचा अर्ज लवकर द्यावा.

हक्काची रजा किती?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो ज्यांना लागू आहे अशा कामगारांना वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, म्हणजे सीएल, मिळते. ती तिमाहीनुसार खात्यात जमा होते. स्पर्धा दोन तिमाहींत विभागलेली असल्याने जुलैच्या सामन्यांसाठी नव्याने जमा झालेली रजा वापरता येईल. पण १४ सप्टेंबरला गणपती येतात आणि नोव्हेंबरमध्ये दिवाळी. जूनमध्येच खाते रिकामे करणारा तेव्हा गावाकडच्यांना काय सांगणार?

आणखी एक पेच आहे. यंदा अधिक महिन्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. विश्वचषकाची बाद फेरी ऐन भरात असताना पालख्या वाटेवर असतील आणि एकाच विभागातून दोन्हींसाठी रजेचे अर्ज येतील. वारीच्या अर्जावर आदराने सही होते, फुटबॉलच्या अर्जावर मात्र हसू येते. हे हसूच महागात पडते. खरे कारण सांगून रजा मिळत नाही हे कळले की माणसाला सकाळी सात वाजता ताप चढतो, आणि ऐनवेळी त्याचे काम शेजारच्याच्या गळ्यात पडते. आठवडाभर आधी कळले असते तर तोच शेजारी आनंदाने बदली आला असता.

स्कॉटलंडने हा संकोच सरळ मोडीत काढला. त्यांचा संघ १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकात उतरतो आहे आणि पहिला सामना तिथल्या वेळेनुसार रविवारी पहाटे दोनला आहे. तिथले फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी सोमवारी, १५ जूनला, बँक हॉलिडे जाहीर केला. अर्थात ब्रिटनमध्ये अशा दिवशी सुट्टी मिळणे नोकरीच्या करारावर अवलंबून असते, त्यामुळे तिथेही काही जण कामावर असतीलच.

ज्यांना रजाच नाही, त्यांचे काय?

संगणकावर काम करणारा दोन तास उशिरा येऊन संध्याकाळी भरपाई करू शकतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या कंत्राटी कामगारासाठी मात्र न येणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून तो रात्र जागूनही पाळीवर येतो. पेंगुळलेला कारकून फार तर बेरीज चुकवेल. वितळलेल्या लोखंडाजवळ किंवा बसच्या स्टिअरिंगवर लागलेली डुलकी जिवावर बेतते. फुटबॉलचे वेड नको, असे सुनावून हा धोका टळत नाही. सामना तो पाहणारच.

इथे पगारी सुट्टीचा वाद घालण्याचीही गरज नाही. २५ जूनला पहाटेपर्यंत जागलेल्या कामगाराला सातच्या पाळीऐवजी दुपारची पाळी दिली, तर मालकाचा फारसा खर्च वाढत नाही. फुटबॉलमध्ये रस नसलेले सहकारी प्रत्येक खात्यात असतात. त्यांच्याशी अदलाबदल होऊ शकते. मात्र त्यासाठी पाळ्यांचा तक्ता जूनच्या पहिल्याच आठवड्यात फलकावर लागायला हवा आणि अदलाबदलीची मुभा कंत्राटदाराच्या माणसांनाही आहे, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले हवे.